मोठ्या आवाजाचा टॅब

दुकानदाराने दोन्ही टॅब काचेवर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर एकच सिनेमा लावला. डावीकडच्यावर एक माणूस दुसऱ्याच्या टाळक्यात हातोडा घालत होता, पण आवाज उशी बडवल्यासारखा येत होता. उजवीकडच्यावर तोच हातोडा पडला आणि मी दचकून पाऊलभर मागे सरकलो.

"चार स्पीकर आहेत," दुकानदार हसून म्हणाला. "पण साहेब, वापर कशासाठी?"

"खाणीवर. ऑफिसचं काम. गाड्यांच्या नोंदी, फोटो, मालकांना रोजचा अहवाल."

"मग डोळे झाकून डावा घ्या. रबराचं कवच आहे, धूळ आत जात नाही, उन्हात अक्षर दिसतं, बॅटरी दोन दिवस पुरते. उजवा आहे तो घरी गादीवर लोळत सिनेमे बघायला."

"डाव्यावर सिनेमा दिसत नाही काय?"

"दिसतो की. पण सगळ्या नट्यांना कावीळ झाल्यासारखी वाटते. आणि आवाज कामापुरता."

मी पुन्हा उजव्याकडे बघितलं. पडद्यावर आता रक्त सांडत होतं आणि ते इतकं लाल होतं की हात लावून बघावंसं वाटलं. दुकानदार काहीतरी हेडफोनबद्दल बोलत होता, तर मी त्याच्यावर खेकसलो, की कानात बोळे घालायचे असते तर चार स्पीकर कशाला घेतले असते. उजवा बांधून घेतला. बिलावर 'ऑफिस वापरासाठी' असं त्याच्याकडून ठळक अक्षरांत लिहून घ्यायला मात्र मी विसरलो नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी, दिगंबर कणसे, बी.कॉम., तेव्हा मिरजेपासून तासाभरावरच्या एका दगडखाणीवर कारकून होतो. बायको-मुलं सांगलीला, आणि मी माळावरच्या पत्र्याच्या खोलीत. तीच खोली माझं ऑफिस, तेच घर. दिवसभर क्रशरची घरघर आणि खडीची धूळ. संध्याकाळी करमणूक म्हणजे ड्रायव्हर लोकांची भांडणं. ऑफिसच्या नावावर जरा आपलीही सोय झाली तर कुणाचं काय बिघडतं, असा माझा हिशेब होता. असा हिशेब बसवायला मी तरबेज होतो.

खाणीवर तोंडापेक्षा हात जास्त चालायचे. मालक आबासाहेब मुकादमाला लाथ घालायचे, मुकादम ड्रायव्हरची गचांडी धरायचा, ड्रायव्हर हमालाला बुकलायचा. मी चांगल्या घरातला, पण सहा वर्षांत माझाही हात शिवशिवायला लागला होता. कुणी उलट बोललं की आधी थप्पड आणि मग प्रश्न. खरं सांगायचं तर त्यात मला मजाही यायची.

ज्याच्या अंगाला कुणी हात लावत नव्हतं असा खाणीवर एकच माणूस होता, यल्लाप्पा धोत्रे. साठीचा वडार, सुरुंगाचा मिस्त्री. दगडात भोकं पाडायची ती पोरांनी. पण त्यात दारू ठासायची, वाती लावायच्या आणि पेटवायच्या त्या यल्लाप्पाने. प्रत्येक वात कमीजास्त लांबीची, म्हणजे सगळे बार एकदम न उडता एकामागून एक उडायचे. का, तर मोजता यावेत म्हणून. जितकी भोकं तितके खडे यल्लाप्पा डाव्या मुठीत घ्यायचा आणि दगडाच्या आडोशाला बसायचा. एक बार उडाला की एक खडा टाकायचा. मूठ रिकामी झाली की सगळे सुरुंग उडाले. खडा उरला तर समजायचं, की एक सुरुंग जिवंत आहे. मग अर्धा तास आत कुणी पाऊल टाकायचं नाही.

दुसरी मोजणी माझी. मी ऑफिसात बसून वहीत रेघा मारायच्या. मग त्याचा आणि माझा मेळ बसला की यल्लाप्पा लांब शिट्टी मारायचा आणि माणसं आत शिरायची. साठ माणसांचा जीव रोज दुपारी एक वाजता त्याच्या मुठीत आणि माझ्या रेघांत असायचा.

टॅब घेऊन तीन आठवडे झाले होते. अहवाल मी दहा मिनिटांत उरकायचो आणि उरलेला दिवस सिनेमे. त्या दिवशी युद्धाचा सिनेमा लावला होता. दुपारी अकरा सुरुंग होते. यल्लाप्पाचा इशारा झाला, "बार हाय, बार" अशी हाळी माळावर फिरली, माणसं टेकडीमागे गेली. मी टॅब डब्याला टेकवून उभा केला आणि वही मांडीवर घेतली. सिनेमा बंद करावा असं मनात आलंसुद्धा नाही. सहा वर्षं रेघा मारत होतो, झोपेतही मारल्या असत्या.

पहिला बार उडाला. पत्रे थडथडले आणि छपरावरची धूळ टॅबच्या पडद्यावर सांडली. मी बाहीने पुसली आणि रेघ मारली. दुसरा बार, पुन्हा धूळ, पुन्हा बाही. असं दहा वेळा झालं आणि दहाही वेळा मी वैतागलो, कारण पडद्यावर ऐन लढाई तोंडाशी आली होती. मग अकरावा उडाला. मी रेघ मारली, सिनेमा थांबवला, वही मिटली आणि दारात आलो.

यल्लाप्पा आडोशाच्या बाहेर येऊन उभा होता. मूठ मिटलेली होती.

"अकरा," मी ओरडलो.

"माज्या हातात एक ऱ्हायलाय, सायेब."

"अरे अकरा झाले. मी मोजलेत."

"धाच झालं. अर्धा तास थांबू या."

खडी न्यायला दोन गाड्या उभ्या होत्या. सकाळपासून आबासाहेबांचे तीन फोन येऊन गेले होते, की दीडपर्यंत गाड्या हलल्या नाहीत तर तुला हलवतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा त्याच्यापाशी गेलो.

"यल्लाप्पा, चाळीस वर्षं सुरुंगाशेजारी बसून तुझे कान गेलेत. वहीत अकरा रेघा आहेत. तुला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?"

"कान हायती, सायेब."

"मार शिट्टी. नाहीतर उद्या दुसरा मिस्त्री आणतो आणि तुझी पालं उठवतो माळावरून."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मुठीकडे बघितलं. माझ्या वहीकडेही त्याने एकदा बघितलं. लिहिलेल्याची त्या माणसाला फार किंमत होती. मुलीची शाळेची वही तो देवाशेजारी ठेवायचा. मूठ उघडून त्याने खडा खाली टाकला आणि शिट्टी तोंडात घातली.

पहिला आत गेला तो नागेश. यल्लाप्पाच्या बहिणीचा मुलगा, तेवीस वर्षांचा. सुटे दगड पाडायला पहार घेऊन तोच नेहमी पुढे असायचा. चैत्रात यल्लाप्पाच्या रेणुकाशी त्याचं लग्न ठरलेलं होतं, त्यामुळे अलीकडे जरा जास्तच पुढे असायचा. माझ्यासमोरून जाताना म्हणाला, "सायेब, रातच्याला पिक्चर दावा की." मी हसून हो म्हणालो.

मी ऑफिसच्या पायरीपर्यंत पोचलो होतो. मागे बार झाला. अडकलेली वात आत धुमसत होती, ती दारूपर्यंत पोचली.

दगड माझ्या डोक्यावरून गेले आणि पत्र्यात घुसले. धूळ खाली बसली आणि सगळे एकदम ओरडायला लागले. मी धावत गेलो. नागेश उताणा पडला होता. छातीत दगडाची हातभर लांबीची कपची घुसली होती, उजवा हात कोपरापासून नव्हता. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. यल्लाप्पाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो त्याचं तोंड पुन्हा पुन्हा पुसत होता. दोन मिनिटं गेली असतील. मग बुडबुडे थांबले.

भोवती तीस-चाळीस माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "शिट्टी कुणी मारली?"

यल्लाप्पाने मान वर केली. सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "सायेब, म्या म्हनलं हुतं, एक ऱ्हाय..."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याचं वाक्य पुरं होऊ नये एवढ्यासाठीच. डाव्या कानावर, पंजा सपाट ठेवून, होतं नव्हतं तेवढं बळ लावून. सहा वर्षांत कुणाला इतक्या जोराने मारलं नव्हतं. तो नागेशच्या अंगावर आडवा झाला.

"बहिऱ्या," मी ओरडलो, "मी थांब म्हणत होतो ना? मोजणीचा मेळ बसला नव्हता, आणि तू शिट्टी मारलीस."

एवढं पुरलं. इतकी वर्षं ज्याला कुणी शिवलं नव्हतं त्याच्यावर कारकुनाचा हात पडलेला सगळ्यांनी बघितला, आणि मग कुणाचीच भीड राहिली नाही. एका ड्रायव्हरने त्याला केस धरून ओढलं. एकाने भोकं पाडायच्या यंत्राचा हवेचा पाइप उचलला. त्याच्याच भावकीतली दोन पोरं रडत रडत त्याला लाथा घालत होती. पाइप खांद्यावर पडला, बरगडीवर पडला, उजव्या कानशिलावर पडला. तो हात वर करत नव्हता. नागेशच्या अंगावर कुणाचा पाय पडू नये म्हणून तो गुडघ्यांवर ओणवा झाला होता आणि तसाच मार खात होता. मीही एक लाथ घातली. नसती घातली तर लोकांनी माझ्याकडे बघितलं असतं.

पोलिसांची गाडी आली म्हणून तो वाचला. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि शेजारी हवालदार बसवला.

चार वाजता आबासाहेब आले. जागा बघितली, नाकाला रुमाल लावला आणि मला ऑफिसात घेऊन दार लावलं.

"जबाब काय दिलास?"

"हेच, की माझ्याशी मेळ न घालता त्याने शिट्टी मारली."

"शाबास. म्हातारा बहिरा झाला होता, हेही घाल. वही दाखव."

मी दाखवली. त्यांनी रेघा मोजल्या आणि सरळ माझ्या तोंडात भडकावली.

"गाढवा, ह्या अकरा आहेत. म्हणजे तूही चुकलास. हे पान फाड आणि दहा रेघांचं नवीन लिही. तू दहा मोजलेस, त्याने अकरा. उद्या सकाळी फौजदार येईल तेव्हा वही तयार पाहिजे. म्हातारा जाईल दोन-तीन वर्षं आत. त्याची पोरगी कामावर ठेवू, आणखी काय?"

ते गेले. माझा गाल भणभणत होता, पण मनातून मी सुटलो होतो. दिवेलागणीला पान फाडलं आणि नवीन पानावर रेघा मारायला बसलो. पाचाचा एक गठ्ठा, पाचाचा दुसरा. पेन थांबलं. तोवर मला खरंच वाटत होतं, की मी अकरा बार ऐकले. चूक दगडाची असेल, दारूची असेल, नशिबाची असेल, पण कान माझे खरे. मग सुरुंग जर दहाच उडाले, तर अकरावी रेघ मी कशावर मारली?

टॅब अजून डब्याला टेकून उभा होता. मी तो सुरू केला. सिनेमा दुपारी जिथे थांबला होता तिथून थोडा मागे नेला आणि आवाज होता तेवढाच ठेवला. लढाईआधीची शांतता होती. सैनिक श्वास रोखून पडले होते. सेनापतीने हात वर केला, खाली आणला, आणि तोफ उडाली.

खोलीच्या पत्र्यात तो आवाज असा घुमला की मी जागेवरून उठलो. पुन्हा मागे नेऊन ऐकला. पुन्हा ऐकला. मग माझं लक्ष पडद्यावर गेलं. त्यावर धूळ होती, पण ती नागेश गेला त्या शेवटच्या बाराची. दुपारी दहा वेळा मी बाहीने धूळ पुसली होती. अकराव्या वेळी पुसली नव्हती, कारण तेव्हा पडलीच नव्हती. दाराबाहेर पहार पडली होती, ती मी उचलली.

आत येऊन मी टॅब पहारीने फोडला. एक घाव पुरला असता, मी वीसेक घातले. पुरावा नष्ट करतोय असं काही डोक्यात नव्हतं. ज्याला मारायचं होतं त्याला मारता येत नव्हतं, एवढंच. मग जमिनीवर बसून राहिलो. दहा रेघांचं पान समोर होतं. ते तसंच ठेवलं तर माझं सगळं जागच्या जागी राहणार होतं. नोकरी, बायको, मुलं, सगळं. यल्लाप्पाच तेवढा आत जाणार होता, तेही भाच्याला मारल्याचा डाग घेऊन.

सकाळी मी दवाखान्यात गेलो. फौजदाराकडे जायची छाती झाली नाही. मनात असं होतं, की यल्लाप्पाला एकट्याला हळूच सांगावं, पाय धरावेत, त्याने माफ केलं तर पुढचं पुढे बघू. म्हणजे तिथेही मी स्वतःची सोयच बघत होतो.

वॉर्डच्या दारातच डॉक्टर भेटले. मी खाणीचा माणूस म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चार बरगड्या मोडल्यात. त्या जुळतील. पण दोन्ही कानांचे पडदे फाटलेत. तुमच्या मालकांचा फोन होता, की पेशंट आधीपासून बहिरा आहे, तसं लिहा. मी तसं लिहिणार नाही. जखमा कालच्या आहेत. डावा तर नुसत्या थप्पडेने गेलाय."

आत कॉटशेजारी रेणुका बसली होती. डोळे सुजलेले, हातात चहाची बशी. दुसऱ्या बाजूला स्टुलावर हवालदार पेपर वाचत होता. यल्लाप्पाचं डोकं पट्ट्यांनी गुंडाळलेलं होतं, चेहऱ्याचा ओठांपुरता भाग ओळखू येत होता. मला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला. साहेब आले म्हणून उठायची सवय.

"कालपातुर चुलीवरलं दूध उतू याया लागलं तर भायेर बसून वळकायचं," रेणुका माझ्याकडे न बघता म्हणाली. "आन लोक म्हंत्यात बहिरा हुता."

मी कॉटच्या कडेला वाकलो, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"यल्लाप्पामामा," मी म्हणालो. सहा वर्षांत पहिल्यांदा मामा म्हणालो. "तुमचा खडा खरा होता. अकरावा आवाज माझ्या टॅबमधला होता. सिनेमातला. तुमची काही चूक नाही."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.

"आयकाय येत न्हाई, सायेब. कानात नुस्ती शिटी वाजाय लागलीया. जोरात बोला."

मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. त्याने मान हलवली. शेजारच्या कॉटवरचा माणूस कुशीवर वळला. हवालदाराने पेपरचं पान उलटलं.

"न्हाई कळत. पोरीला सांगा. ती वरडून सांगंल मला."

रेणुकाने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे तोंड केलं. "सांगा," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. आठ आठवड्यांनी तिचं लग्न होतं. तिच्या कानात मी हे सांगणार, आणि मग ती ते आपल्या तोंडाने बापाला ओरडून सांगणार. दार चार पावलांवर होतं. 'काही नाही, तब्येत विचारायला आलो होतो,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते शब्द माझ्या तोंडात तयार होते.

मी सरळ उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि खाणीवर हाळी देतात त्या आवाजात ओरडलो.

"शिट्टी मी मारायला लावली. तुम्ही नको म्हणत होता. मी सिनेमा बघत होतो आणि सिनेमातला बार वहीत मोजला. वहीचं पान मी फाडलं. नागेशला मी मारलं."

रेणुका उठली आणि तिने माझ्या तोंडावर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. ओठ फुटला. मी हात वर केले नाहीत. कुणी तिला धरलंही नाही. हवालदाराने पेपर घडी करून बाजूला ठेवला होता आणि खिशातून डायरी काढून तो पेन झटकत होता.

यल्लाप्पाने कोपरावर भार देऊन मान उचलली. आधी रेणुकाकडे बघितलं, मग माझ्या रक्ताळलेल्या तोंडाकडे, मग हवालदाराच्या हातातल्या डायरीकडे.

"परत एकदा म्हना, सायेब," तो म्हणाला. "सावकाश. त्येला लिवून घेऊ द्या."